भविष्यातली अंतराळयानं कशावर चालतील? प्रणोदनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत "व्यवहार्य" या शब्दाला एकच अर्थ आहे: ज्यामागचं भौतिकशास्त्र पक्कं माहीत आहे, ज्याचे मुख्य भाग कुठेतरी प्रत्यक्ष चालवून पाहिले आहेत आणि ज्याचं वजन कागदावर मांडता येतं. कुठल्याही इंजिनाला इथे तेच तीन प्रश्न विचारले आहेत. ऊर्जा कुठून आणणार? मागे फेकायला पदार्थ कुठून आणणार? आणि वाया गेलेली उष्णता कुठे टाकणार? बहुतेक भन्नाट कल्पना तिसऱ्या प्रश्नावर अडतात, आणि नेमका तोच प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

विशिष्ट आवेग म्हणजे काय? तो सेकंदांत का मोजतात?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग ९.८१ ने भागला की विशिष्ट आवेग मिळतो. झोताचा वेग सेकंदाला ४.४ किलोमीटर असेल तर विशिष्ट आवेग सुमारे ४५० सेकंद. सेकंद हे एकक मीटर-फूट वादातून सुटण्यासाठी सोयीचं पडलं आणि तेच रूढ झालं. गाडीच्या ॲव्हरेजसारखं याकडे पाहा: आकडा जितका मोठा, तितक्या कमी प्रणोदकात, म्हणजे मागे फेकायच्या पदार्थात, तेवढंच काम.

आणि डेल्टा-व्ही?

यानाला एकूण किती वेगबदल करता येईल त्याची ही शिल्लक आहे. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत पोहोचायला हवेचा आणि गुरुत्वाकर्षणाचा तोटा धरून साधारण ९.४ किमी प्रतिसेकंद लागतात. तिथून मंगळाच्या वाटेला लागायला आणखी सुमारे ३.६. त्सिओल्कोव्स्कीने १९०३ साली प्रसिद्ध केलेलं समीकरण सांगतं की डेल्टा-व्ही म्हणजे झोताचा वेग गुणिले सुरुवातीच्या आणि शेवटच्या वस्तुमानाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. या लॉगॅरिदममुळेच सगळा घोळ होतो. डेल्टा-व्ही दुप्पट हवा असेल तर वस्तुमानाचं गुणोत्तर दुप्पट करून भागत नाही, त्याचा वर्ग करावा लागतो.

खालच्या कक्षेत १०० टनांचं यान आहे असं धरू आणि त्याला ३.६ चा धक्का देऊ. द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या ४५० सेकंदांच्या इंजिनात ५६ टन जळून जातात, ४४ उरतात. या ४४ टनांत टाक्या, इंजिन, सांगाडा आणि पुढे मंगळाशी थांबण्याचं इंधन, सगळं बसवायचं असतं.

रासायनिक इंजिनांत अजून सुधारणेला जागा आहे का?

कामगिरीत फारशी नाही. स्पेस शटलच्या आरएस-२५ इंजिनाचा निर्वातातला विशिष्ट आवेग ४५२ सेकंद होता. आरएल-१० इंजिनाच्या लांब नोझलच्या आवृत्त्या ४६५ च्या आसपास जातात. रासायनिक बंधांत जेवढी ऊर्जा आहे तेवढीच बाहेर येणार, त्यामुळे हा आकडा छताला टेकलेला आहे. मिथेन-ऑक्सिजनची इंजिनं निर्वातात ३६० ते ३८० देतात. टाकीत वर्षानुवर्षं राहणारी हायड्राझिन वर्गातली द्वि-प्रणोदकं (इंधन आणि ते जाळणारा पदार्थ अशी जोडी) ३०० ते ३२० देतात.

खरा वाव साठवणुकीत आणि पुनर्भरणात आहे. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला उकळतो. उन्हाची एक बाजू, इंजिनाकडून धातूच्या सांगाड्यातून झिरपणारी उष्णता, पाइपांची तोंडं, या सगळ्यांमुळे तो सतत उकळत राहतो आणि दाब वाढू नये म्हणून वाफ बाहेर सोडावी लागते. महिनोन्‌महिने तो टिकवायचा तर शीतयंत्र हवं. २० केल्विनला झिरपलेली एक वॉट उष्णता ३०० केल्विनच्या रेडिएटरपर्यंत (उष्णता अवकाशात सोडणाऱ्या पृष्ठभागापर्यंत) उचलायला आदर्श यंत्रालाही १४ वॉट लागतात, प्रत्यक्षातल्या यंत्राला त्याच्या कित्येक पट. मिथेनचा उत्कलनबिंदू १११ केल्विन आहे आणि ऑक्सिजनचा ९० केल्विन. दोघांना जवळपास सारख्याच थंडीत ठेवता येतं. विशिष्ट आवेग कमी असूनही लांबच्या मोहिमांसाठी मिथेनचा विचार होतो, त्याचं हे एक मोठं कारण.

कक्षेत इंधन भरणं इतकं कठीण का? अवकाशस्थानकात तर भरतात.

भरतात, आणि १९७८ पासून भरतात. प्रोग्रेस यानांनी सॅल्युत-६ मध्ये ते सुरू केलं. पण तिथलं प्रणोदक सामान्य तापमानाला द्रव असतं. टाकीत लवचीक पडदा असतो, एका बाजूने वायूचा दाब दिला की दुसऱ्या बाजूने द्रव निघतो. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड, द्रवात असा पडदा कडक होऊन तडकतो.

शिवाय वजनरहित अवस्थेत द्रव तळाशी बसत नाही. तो भिंतींना चिकटतो, मधे वाफेचा बुडबुडा राहतो आणि पंपाने ओढलं तर नळीत द्रवाऐवजी वाफ शिरते. त्यावर उपाय दोन. एकतर छोटे थ्रस्टर (लहान इंजिनं) चालवून दोन्ही यानांना सतत किंचित त्वरण द्यायचं, म्हणजे द्रव एका टोकाला जमतो. नाहीतर टाकीच्या आत बारीक जाळ्या बसवून पृष्ठताणाने द्रव नळीच्या तोंडाशी धरून ठेवायचा. याखेरीज रिकामी टाकी गरम असते. पहिला द्रव तिला थंड करण्यातच वाफ होऊन जातो, आणि ती वाफ सोडली नाही तर दाब टाकीच्या मर्यादेपर्यंत चढतो. म्हणून आधी थोडं थोडं द्रव सोडून टाकी थंड करायची, वाफ बाहेर काढायची आणि मगच भरायचं, असा क्रम असतो. टाकीत नेमकं किती भरलं हे मोजणंही वजनरहित अवस्थेत सोपं नाही, कारण पातळी अशी काही उरतच नाही.

परतीचं इंधन मंगळावर बनवता येईल का?

ऑक्सिजनपुरतं तत्त्व सिद्ध झालं आहे. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा चालून कार्बन डायऑक्साइडपासून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. सर्वोत्तम दर ताशी १२ ग्रॅम होता. चार जणांना मंगळावरून उडवायला सुमारे २५ टन ऑक्सिजन लागेल असा नासाचा अंदाज आहे. या दोन आकड्यांतली दरी मुख्यतः विजेची आणि बिघाडाविना सलग चालण्याची आहे. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन बनवणारी सबातिए अभिक्रिया शंभर वर्षांहून जुनी आहे, पण तिला हायड्रोजन लागतो. तो मंगळावरचा बर्फ खणून काढायचा की पृथ्वीवरून न्यायचा, हा निर्णय आधी घ्यावा लागेल.

अणुऔष्णिक रॉकेट कसं चालतं? त्यात काही जळतं का?

जळत काहीच नाही. अणुभट्टीच्या तापलेल्या गाभ्यातून हायड्रोजन वाहू देतात, तो २,५०० ते २,७०० केल्विनपर्यंत तापतो आणि नोझलमधून बाहेर पडतो. रासायनिक इंजिनाच्या ज्वाळा याहून गरम असतात, तरीही इथे विशिष्ट आवेग जवळजवळ दुप्पट, ८५० ते ९०० सेकंद मिळतो. कारण झोताचा वेग तापमान भागिले रेणूचं वजन याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. रासायनिक इंजिनाच्या झोतात मुख्यतः १८ वजनाचे पाण्याचे रेणू असतात, इथे २ वजनाचा निव्वळ हायड्रोजन.

ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेच्या रोव्हर आणि नर्व्हा कार्यक्रमांत १९५५ ते १९७३ दरम्यान अशा अनेक भट्ट्या नेवाडाच्या वाळवंटात चालवल्या गेल्या. फीबस-२ए या भट्टीने १९६८ मध्ये ४,००० मेगावॉटची पातळी ओलांडली. त्यानंतर अनेक प्रयत्न झाले. अलीकडचा ड्रॅको प्रकल्प २०२३ मध्ये नासा आणि डार्पा (अमेरिकेची संरक्षण संशोधन संस्था) यांनी एकत्र हाती घेतला होता, तो २०२५ मध्ये रद्द झाला.

मग अडतं कुठे?

चार ठिकाणी, आणि चारही जागा पन्नास वर्षांपूर्वीच दिसल्या होत्या.

पहिली जागा इंधनकांड्यांची. त्या काळी कांड्या ग्रॅफाइटच्या होत्या. तापलेला हायड्रोजन ग्रॅफाइट खातो, त्यातून हायड्रोकार्बन तयार होऊन वाहून जातात. म्हणून आतून कार्बाइडचा लेप दिला. पण तापल्यावर लेप आणि ग्रॅफाइट सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. लेपाला बारीक भेगा पडतात आणि त्यांतून हायड्रोजन आत शिरतो. इंजिन पुन्हापुन्हा चालू-बंद केलं की भेगा वाढतात. आजचे प्रयत्न सिरॅमिक-धातू मिश्र इंधन आणि घन कार्बाइडवर आहेत, ते याच कारणाने.

दुसरी जागा कंपनांची. १९६२ मध्ये कीवी-बी४ए चाचणीत वायूच्या प्रवाहामुळे गाभा थरथरला, कांड्या तुटल्या आणि त्यांचे तुकडे झोताबरोबर बाहेर उडाले. पुढे गाभा बाजूंनी घट्ट आवळून बसवण्याची रचना आली आणि प्रश्न सुटला. असे दोष फक्त पूर्ण ताकदीच्या चाचणीत कळतात, आणि आज अशी चाचणी जमिनीवर करायची तर झोतातला किरणोत्सार पकडून ठेवावा लागतो. ती सोय उभारणं हे इंजिन बनवण्याइतकंच मोठं काम आहे.

तिसरी जागा टाकीची. मघाच्याच १०० टनांच्या यानाला ९०० सेकंदांचं इंजिन दिलं तर ५६ ऐवजी ३४ टनच प्रणोदक लागतं. पण ते सगळं हायड्रोजन, घनमीटरला फक्त ७१ किलो. त्याला सुमारे ४७० घनमीटर जागा लागते. रासायनिक इंजिनाच्या दोन्ही टाक्या मिळून साधारण १५५ घनमीटरांत बसतात. टाकीचं वजन, इन्सुलेशन, उडवणाऱ्या रॉकेटच्या टोपणात ती मावणं, इथे फायद्याचा बराच भाग परत जातो. जड भट्टीचं आणि किरणोत्सार अडवणाऱ्या सावली-कवचाचं वजन वेगळंच. लहान यानाला म्हणूनच हे इंजिन परवडत नाही. माणसं किंवा मोठा माल नेणाऱ्या यानालाच ते शोभतं.

चौथी जागा बंद करण्याची. रासायनिक इंजिनाची झडप मिटली की काम संपलं. अणुभट्टी थांबवली तरी विखंडनातून तयार झालेली द्रव्यं क्षय पावत राहतात, आणि सुरुवातीला ती उष्णता मूळ शक्तीच्या काही टक्के असते. ५०० मेगावॉटच्या भट्टीत बंद केल्याक्षणी तेही दहा मेगावॉटहून जास्त भरतं. गाभा वितळू नये म्हणून पुढे बराच वेळ हायड्रोजन सोडत राहावा लागतो. त्या मंद, थंडावणाऱ्या झोताचा विशिष्ट आवेग कमी असतो, पण थ्रस्ट, म्हणजे यानाला ढकलणारा जोर, शून्य नसतो. मार्ग आखताना तो धक्काही हिशेबात घ्यावा लागतो.

उड्डाणाच्या वेळी स्फोट झाला तर किरणोत्सार पसरेल का?

न चालवलेल्या भट्टीतलं युरेनियम फारच मंद किरणोत्सारी असतं. धोकादायक द्रव्यं भट्टी चालल्यावरच तयार होतात. म्हणून सुरक्षित कक्षेत पोहोचेपर्यंत भट्टी सुरू करायची नाही, हा नियम. खरी काळजी दोन गोष्टींची: समुद्रात पडल्यावर पाणी गाभ्यात शिरून साखळी अभिक्रिया आपोआप सुरू होऊ नये, आणि चालवलेली भट्टी पुन्हा पृथ्वीवर पडू नये. दुसरी गोष्ट घडलेली आहे. सोव्हिएत कॉसमॉस-९५४ उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये भट्टीसकट कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला आणि तिचे किरणोत्सारी तुकडे मोठ्या प्रदेशात विखुरले.

आयन इंजिनात नेमकं काय होतं?

झेनॉन वायू एका कक्षात सोडतात, इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे आयन करतात. कक्षाच्या तोंडाशी दोन जाळ्या असतात, एकमेकींपासून मिलिमीटरहून कमी अंतरावर, मधे हजार व्होल्टच्या आसपास विभवांतर. आयन त्यातून सेकंदाला ४० किमीच्या घरात वेग घेऊन बाहेर पडतात. बाहेर एक वेगळा कॅथोड झोतात इलेक्ट्रॉन मिसळतो. तो नसेल तर यान ऋणभारित होत जाईल आणि निघालेले आयन परत ओढले जातील. सगळे तोटे धरल्यावर विशिष्ट आवेग ३,००० सेकंदांच्या आसपास पडतो.

हॉल थ्रस्टरमध्ये जाळ्या नसतात. वर्तुळाकार खाचेत चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात आणि तेच विद्युतक्षेत्र तयार करतात. विशिष्ट आवेग १,५०० ते २,०००, पण त्याच विजेत थ्रस्ट जास्त. सोव्हिएत संघाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते उपग्रहांवर चालवले. आज कक्षेतल्या उपग्रहांत यांचीच संख्या मोठी आहे.

थ्रस्ट इतका कमी का? वीज वाढवली तर वाढेल ना?

वाढेल, पण सूत्र निर्दय आहे. थ्रस्ट म्हणजे दुप्पट शक्ती गुणिले कार्यक्षमता, भागिले झोताचा वेग. वेग जितका जास्त, तितका एका किलोवॉटमागे थ्रस्ट कमी. ३,००० सेकंदांच्या इंजिनाला एका किलोवॉटमागे सुमारे ४० मिलिन्यूटन मिळतात. तळहातावर चार ग्रॅमचं वजन ठेवल्यावर जाणवेल तेवढा दाब. नासाच्या डॉन यानाला शून्यापासून ताशी १०० किमी वेग गाठायला चार दिवस लागत. पण ते वर्षानुवर्षं चालत राहिलं, ४२५ किलो झेनॉनवर ११ किमी प्रतिसेकंदाहून जास्त डेल्टा-व्ही मिळवली आणि व्हेस्टा व सेरेस या दोन वेगळ्या पिंडांभोवती फिरलं. असं करणारं ते पहिलं यान.

म्हणजे विशिष्ट आवेग जास्तीत जास्त असणं चांगलं, हा समज चुकीचा आहे. वीज मर्यादित असेल तर प्रत्येक मोहिमेसाठी एक योग्य मधला आकडा असतो. त्याच्या वर गेलं की प्रणोदक वाचतं, पण प्रवासाची वर्षं वाढतात.

मोठं यान आयन इंजिनाने मंगळाकडे पाठवता येईल का?

१०० टनांचं यान आणि इंजिनांना १०० किलोवॉट वीज घेऊ. थ्रस्ट सुमारे ४ न्यूटन. इतक्या मंद थ्रस्टने यान पृथ्वीभोवती हळूहळू गुंडाळत बाहेर जातं. त्यामुळे सुटकेला ३.२ ऐवजी सुमारे ७.६ किमी प्रतिसेकंद डेल्टा-व्ही लागते. खोल गुरुत्वाकर्षणात एकदम जोर लावण्याचा ओबर्थ फायदा हातचा जातो. तरीही प्रणोदक फक्त २३ टन. पण वेळ लागतो पाच वर्षांहून जास्त, आणि त्यातला बराच काळ किरणोत्सारी पट्ट्यांतून जातो, तिथे सौरपट्ट्या झिजतात. मालासाठी हे चालेल. माणसांसाठी नाही. रासायनिक इंजिनाने पृथ्वीपासून सुटायचं आणि पुढचा प्रवास विजेवर करायचा, असा मिश्र आराखडा जास्त समंजस वाटतो.

आयन आणि हॉल इंजिनं बिघडतात कशी?

सर्वांत जुनं दुखणं झिजेचं. बाहेर पडलेला एखादा वेगवान आयन संथ झेनॉन अणूकडून इलेक्ट्रॉन घेतो. मागे जो संथ आयन उरतो तो ऋणभारित बाहेरच्या जाळीकडे ओढला जातो आणि तिचे अणू उडवतो. छिद्रं रुंदावतात, शेवटी इलेक्ट्रॉन मागे घुसू लागतात. नासाच्या नेक्स्ट इंजिनाची चाचणी ५१,००० तासांहून जास्त चालली आणि त्यात ९१८ किलो झेनॉन वापरलं गेलं. आयुष्य किती, याचा अंदाज अशा चाचणीशिवाय येत नाही. हॉल थ्रस्टरमध्ये खाचेच्या भिंती झिजतात. चुंबकीय क्षेत्राच्या रेषा भिंतींना समांतर वळवल्या की ही झीज खूपच कमी होते, आणि गेल्या काही वर्षांतली मोठी प्रगती हीच आहे.

दुसरं, जाळ्यांत कचरा अडकणं. डीप स्पेस-१ चं इंजिन नोव्हेंबर १९९८ मध्ये पहिल्यांदा चालवलं तेव्हा साडेचार मिनिटांत बंद पडलं. जाळ्यांमध्ये कण अडकून शॉर्ट सर्किट झालं असावं असा निष्कर्ष होता. दोन आठवड्यांनी ते पुन्हा सुरू झालं आणि पुढे १६,००० तासांहून जास्त चाललं.

तिसरं, आणि अनुभवी माणसं ज्याला जास्त घाबरतात ते, इंजिनाबाहेरचे भाग. सायकी यानात २०२५ मध्ये झेनॉनच्या नळीतला दाब उतरला. दोष एका झडपेत निघाला आणि राखीव नळीवर जावं लागलं. बेपीकोलंबोचे थ्रस्टर २०२४ मध्ये पूर्ण ताकद देईनासे झाले, कारण सौरपट्ट्या आणि वीज वाटणारं युनिट यांच्या दरम्यान अनपेक्षित विद्युतप्रवाह वाहत होते. त्यामुळे बुध गाठण्याची तारीख डिसेंबर २०२५ वरून नोव्हेंबर २०२६ वर गेली.

जमिनीवरच्या चाचणीचे आकडे वाचताना एक खबरदारी घ्या. निर्वात कक्षात थोडा वायू उरतोच, हॉल थ्रस्टर तो गिळतो आणि थ्रस्ट खऱ्याहून चांगला दिसतो. कक्षातला दाब दिलेला नसेल तर आकडा अर्धवट समजा.

झेनॉनच का? दुसरं काही चालत नाही?

चालतं. झेनॉन जड आहे, सहज आयनित होतो, कशाशी अभिक्रिया करत नाही आणि दाबाखाली दाट भरता येतो. पण हवेत तो अत्यल्प असल्याने महाग आणि मर्यादित. हजारो उपग्रहांना तो पुरणार नाही. स्टारलिंकने आधी क्रिप्टॉन आणि नंतर आरगॉन वापरला. हे दोन्ही हलके, आयनित करायला जास्त ऊर्जा मागणारे, त्यामुळे कार्यक्षमता घटते आणि टाकी वाढते. आयोडीन घन स्वरूपात साठवता येतं, दाबाची टाकीच लागत नाही, आणि कक्षेतलं त्याचं प्रात्यक्षिक २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचा दोष गंजवण्याचा. नळ्या, झडपा, कॅथोड, यानाचे उघडे धातू, सगळं त्याला तोंड देईल असं निवडावं लागतं.

वीज कुठून आणायची: सूर्य की अणुभट्टी?

इथे मोजायचा आकडा एकच, एका किलोवॉटमागे किती किलो. हलक्या आधुनिक सौरपट्ट्या पृथ्वीजवळ किलोवॉटला १० किलोच्या आसपास बसतात. गुरूजवळ ऊन पृथ्वीच्या सुमारे २७ व्या भागाइतकं, म्हणजे त्याच पट्ट्या तिथे २७० किलोला एक किलोवॉट देतात. नासाच्या किलोपॉवर आराखड्यात १० किलोवॉटच्या भट्टीचं वजन सुमारे दीड टन धरलं होतं, म्हणजे १५० किलो. तिच्या छोट्या नमुन्याची चाचणी २०१८ मध्ये नेवाडात यशस्वी झाली. मंगळापर्यंत सूर्य सरळ जिंकतो. गुरूपलीकडे भट्टीला पर्याय नाही. लघुग्रहपट्ट्यातही आज सूर्यच सरस.

प्लुटोनियमवर चालणारे जनित्र इथे उपयोगाचे नाहीत. मंगळावरच्या रोव्हरांचं जनित्र ४५ किलोचं आहे आणि सुरुवातीला ११० वॉट देतं. उपकरणं चालवायला उत्तम, इंजिनाला नाही.

रेडिएटरचा इतका बाऊ का?

निर्वातात उष्णता फक्त विकिरणाने जाते. १ मेगावॉट वीज बनवणाऱ्या भट्टीची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर ३ मेगावॉट टाकून द्यावे लागतात. रेडिएटर ५०० केल्विनला ठेवला तर सुमारे ९४० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. ८०० केल्विनला नेला तर फक्त १४५, कारण विकिरण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. मग नेहमी गरमच का ठेवत नाहीत? कारण रेडिएटर गरम केला की टर्बाइनच्या दोन टोकांतला तापमानफरक कमी होतो आणि कार्यक्षमता घसरते. ती राखायची तर भट्टी आणखी तापवावी लागते आणि धातू हात टेकतात. त्यात रेडिएटरच्या नळ्यांना सूक्ष्म उल्कांनी भोकं पडतात. म्हणून तो स्वतंत्र उष्मानलिकांचा करतात: एक फुटली तरी बाकीच्या चालू राहतात. चित्रांत अणुशक्तीवरचं यान दिसलं आणि रेडिएटरचे मोठे पंख दिसले नाहीत, तर ते चित्र चुकीचं आहे.

सौरशिडाला खरंच इंधन लागत नाही?

नाही. पृथ्वीच्या अंतरावर पूर्ण परावर्तक शिडावर दर चौरस मीटरला ९ मायक्रोन्यूटन दाब पडतो. ४० मीटर बाजूचं चौकोनी शीड आणि १०० किलोचं यान धरलं, शिडाच्या सुरकुत्या आणि अपूर्ण परावर्तन वजा केलं, तर दिवसाला १० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास वेग वाढतो. वर्षाला जवळपास ४ किमी प्रतिसेकंद, आणि टाकी कधीच संपत नाही. जपानच्या इकारोसने २०१० मध्ये १४ मीटर बाजूच्या, साडेसात मायक्रोमीटर जाडीच्या शिडावर हे सिद्ध केलं. शीड तिरपं करून कक्षीय वेग कमीही करता येतो, म्हणजे सूर्याकडेही जाता येतं.

अडचण उलगडण्यात आहे. घडी, काठ्या, गुंतागुंत. नासाच्या एसीएस-३ शिडाची ८० चौरस मीटरची चादर २०२४ मध्ये उघडली, पण एक काठी किंचित वाकली. शिवाय ७०० किमीच्या खाली हवेचा विरोध प्रकाशाच्या दाबावर मात करतो, म्हणून सुरुवातच उंचावरून करावी लागते.

लेझरने ढकलून दुसऱ्या ताऱ्यापर्यंत?

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या स्टारशॉट कल्पनेत काही ग्रॅमचं शीड १०० गिगावॉट लेझरने प्रकाशाच्या २० टक्के वेगापर्यंत न्यायचं आहे. १ ग्रॅम धरला तर बल सुमारे ६६७ न्यूटन आणि वेळ दीड मिनिट. तेवढ्यात शीड २७ लाख किलोमीटर दूर जातं, आणि तिथवर झोत शिडावर टिकवायला किलोमीटरच्या घरातली लेझरांची जोडमांडणी लागते. त्याहून कठीण म्हणजे शिडाने लाखातला एक भाग प्रकाश जरी शोषला, तरी एक ग्रॅमवर एक मेगावॉट उष्णता पडते. आणि पोहोचल्यावर थांबण्याची सोय नाही. भौतिकशास्त्र मान्य, अभियांत्रिकी फार लांब.

संलयन आणि प्रतिद्रव्य?

संलयन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा काढणं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएफ या लेझर-संलयन प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेझरवर ३.१५ मेगाज्यूल संलयन-ऊर्जा मिळाली. हे मोठंच यश. पण ते लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, आणि ती इमारत कित्येक मजली आहे. यानावर बसेल असं काही त्यातून निघायला आधी जमिनीवर निव्वळ वीज निघावी लागेल. प्रतिद्रव्याचा एक ग्रॅम एक ग्रॅम द्रव्याशी मिळाला की १८० टेराज्यूल ऊर्जा सुटते, पण आजवर तयार झालेलं प्रतिद्रव्य नॅनोग्रॅमच्या घरात मोजावं लागतं. अणुस्फोटांवर चालणारं ओरायन, १९५८ ते १९६५, आकड्यांत भक्कम होतं. १९६३ च्या आंशिक चाचणीबंदी कराराने अवकाशातले अणुस्फोटच बेकायदा ठरले.

काहीही न फेकता चालणारं इंजिन? ईएमड्राइव्ह?

नाही. बंद पेटीतून काहीच बाहेर पडत नसेल तर संवेग कुठून येणार? ईएमड्राइव्हच्या चाचण्यांत मोजलेला थ्रस्ट तापलेल्या भागांच्या प्रसरणातून आणि तारांवरच्या चुंबकीय बलातून येतो, असं ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठातल्या काटेकोर मोजमापांनी दाखवलं. फेकायला पदार्थच नको असेल तर प्रकाश फेकता येतो. त्याचा भाव एका न्यूटनला ३०० मेगावॉट.

गुरुत्वीय साहाय्य आणि वातावरणात ब्रेक लावणं हे प्रणोदन म्हणायचं का?

इंजिन नव्हे, पण डेल्टा-व्हीच्या हिशेबात दोन्ही पहिल्या रांगेत. गुरुत्वीय साहाय्य म्हणजे ग्रहाजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वेग बदलून घेणं. कॅसिनीने शुक्राजवळून दोनदा, पृथ्वीजवळून आणि गुरूजवळून एकेकदा जाऊन शनी गाठला. किंमत वेळेची: १९९७ ला निघालेलं यान २००४ ला पोहोचलं. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरने २००६ मध्ये वातावरणाच्या वरच्या थरांत बुडी मारत सुमारे पाच महिन्यांत कक्षा लहान केली आणि त्यासाठीचं बरंचसं इंधन वाचवलं. कुठलंही नवं इंजिन निवडण्याआधी हा फुकटचा हिस्सा वजा करून घ्यावा.

"मंगळ ३९ दिवसांत" अशी बातमी आली तर काय तपासायचं?

वीज किती धरली आहे, ते आधी शोधा. हा आकडा व्हॅसिमर या प्लाझ्मा इंजिनाच्या संदर्भात आला होता. ते इंजिन खरं आहे, त्याच्या २०० किलोवॉटच्या नमुन्याच्या चाचण्या झाल्या आहेत. पण ३९ दिवसांसाठी २०० मेगावॉट धरले होते, म्हणजे हजारपट. मग त्या विजेचं वजन काढा. किलोवॉटमागे १ किलो धरला तर वीजकेंद्र २०० टनांचं होतं आणि बातमी खरी ठरते. किलोवॉटमागे २० किलो धरले, जे आजच्या भट्ट्यांच्या आराखड्यांपेक्षा कितीतरी हलकं आहे, तर तेच केंद्र ४,००० टनांचं, आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाच्या नऊपटीहून जड. इतकं वजन ओढायचं म्हटलं की ३९ दिवस उरत नाहीत.